परदेशी मदत आणि सरकारी खर्च यांचा मेळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पर्धा परीक्षेची मुलं, सामाजिक संस्थांचे कार्यकर्ते आणि अधूनमधून एखादे पंचायत समिती सदस्य. सोलापुरात या तीन मंडळींकडून फिरून फिरून तेच प्रश्न येतात: जागतिक बँकेचा पैसा येतो कुठून, पडतो कुणाच्या खात्यात, आणि प्रकल्प संपला की सगळं ठप्प का होतं. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवतो. माझी नोकरी लेखा विभागात झाली, त्यामुळे उत्तरांना हिशेबनिसाचा वास येईल. तेवढं चालवून घ्यावं.

मदत मिळतेय तर घ्यावी. त्यात मेळ कसला घालायचा?

घेणारा देश गरीब असला की देणारे एक-दोन नसतात, डझनावारी असतात. एकट्या आरोग्य खात्याच्या दारात जागतिक बँक, श्रीमंत देशांच्या सरकारी संस्था, संयुक्त राष्ट्रांच्या शाखा, एड्स-क्षय-मलेरियासाठीचा ग्लोबल फंड, लसींसाठीची 'गावी' आणि मोठे धर्मादाय न्यास उभे असतात. प्रत्येकाचं बँक खातं निराळं, अहवालाचा नमुना निराळा, आर्थिक वर्ष निराळं, लेखापरीक्षकही निराळा. सरकारचा स्वतःचा अर्थसंकल्प या सगळ्यापासून लांब, आपल्या चालीने चाललेला असतो. मग एका तालुक्यात तीन दवाखाने होतात आणि शेजारच्या तालुक्यात एकही नाही. इमारत देणगीदाराने बांधलेली असते, परिचारिकेचं पद सरकारने भरायचं असतं, आणि ते पद कुणी मंजूरच करून घेतलेलं नसतं.

मेळ घालायचा तो तीन बाबतीत: कोण कशावर खर्च करणार, तो खर्च कुणाच्या वहीत दिसणार, आणि देणारा निघून गेल्यावर वीजबिल कोण भरणार. तिसरी बाब सगळ्यांत आधी ठरायला हवी. प्रत्यक्षात ती शेवटच्या बैठकीत 'ऐनवेळचे विषय' म्हणून येते.

जगात अशी मदत एकूण किती दिली जाते?

श्रीमंत देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के रक्कम द्यावी, असा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९७० साली केला. एकूण सरासरी त्याच्या जवळपासही कधी पोचली नाही. २०२३ मध्ये ती ०.३७ टक्के होती, २०२४ मध्ये ०.३३ टक्क्यांवर आली. रुपयांत सांगायला आकडा अवघड होतो, म्हणून डॉलरमध्ये: २०२४ चे सुमारे २१२ अब्ज. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, लक्झेंबर्ग एवढेच देश त्या वर्षी ०.७ च्या वर होते.

या आकड्यात निव्वळ अनुदान असतं तसा सवलतीच्या कर्जातला सवलतीचा भागही धरलेला असतो. दुबईतून मुलाने घरी पाठवलेले पैसे यात येत नाहीत, कंपन्यांची गुंतवणूकही येत नाही.

शाळेसाठी दिलेली मदत शाळेलाच जाते ना?

पावत्या पाहिल्या तर जाते. पण मामाने भाच्याच्या फीसाठी पैसे पाठवले आणि बापाने फीसाठी बाजूला ठेवलेली रक्कम मोटारसायकलच्या हप्त्यात घातली, तर मामाने नेमकं काय विकत घेतलं? पावती फीचीच आहे. वाढली मात्र मोटारसायकल.

सरकारांचंही असंच होतं. आरोग्यासाठी मदत आली की अर्थखातं स्वतःची आरोग्याची तरतूद हळूच कमी करतं आणि ते पैसे दुसरीकडे वळवतं. २०१० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाने खळबळ उडवली होती. सरकारांना आरोग्यासाठी मिळालेल्या दर एक डॉलरमागे त्या सरकारांचा स्वतःचा आरोग्यखर्च ४३ सेंट ते १.१४ डॉलरने घटलेला दिसला. आकडेमोडीच्या पद्धतीवर पुढे बरेच वाद झाले आणि सगळ्या देशांत असं होत नाही हेही दिसलं. तरी मुद्दा खोटा नाही.

माझं मत असं की देणगीदारांनी 'माझा रुपया कुठे गेला' हे शोधत बसण्यात अर्थ नाही. त्यांनी एकूण अर्थसंकल्प पाहावा. आरोग्याची एकूण तरतूद मदत धरून वाढली की नाही, एवढा एकच प्रश्न विचारावा. दुर्दैवाने त्यांच्या देशातल्या संसदेला रुपयाचा माग हवा असतो, आणि इमारतीवर आपला झेंडाही हवा असतो.

पॅरिस जाहीरनामा म्हणजे काय? परीक्षेत येतो.

येतो खरा. २००५ च्या मार्चमध्ये पॅरिसला देणाऱ्या आणि घेणाऱ्या देशांनी मिळून पाच तत्त्वं मान्य केली. विकासाची दिशा घेणाऱ्या देशाने ठरवावी. देणाऱ्यांनी त्याच देशाच्या यंत्रणेतून पैसा द्यावा. देणाऱ्यांनी आपापसांतली कार्यपद्धती एकसारखी करावी. खर्चापेक्षा परिणाम मोजावेत. आणि दोघांनी एकमेकांना हिशेब द्यावा. त्याआधी २००३ मध्ये रोमला, नंतर २००८ मध्ये अक्रा इथे आणि २०११ मध्ये दक्षिण कोरियातल्या बुसानला याच मालिकेतल्या परिषदा झाल्या.

परीक्षेत कुणी विचारत नाही ती गोष्ट अशी: २०१० पर्यंत गाठायची म्हणून १३ उद्दिष्टं ठरवली होती. जागतिक पातळीवर त्यांतलं एकच पूर्ण झालं, तांत्रिक साहाय्याच्या समन्वयाचं. घेणाऱ्या देशांनी आपली हिशेबपद्धत बऱ्यापैकी सुधारली. देणाऱ्यांनी ती वापरण्याचं धाडस मात्र त्या मानाने केलं नाही.

पैसा द्यायच्या पद्धती किती?

पुस्तकात बऱ्याच सापडतील. व्यवहारात एक शिडी आहे असं समजा. तळाच्या पायरीवर स्वतंत्र प्रकल्प: देणगीदाराचा वेगळा कक्ष, वेगळे कर्मचारी, पांढऱ्या गाड्या. त्यावर सामायिक निधी, म्हणजे शिक्षण किंवा आरोग्य अशा एका क्षेत्रासाठी सगळ्यांनी एकाच पेटीत पैसे टाकायचे आणि एकच अहवाल घ्यायचा. सगळ्यांत वर थेट अर्थसंकल्पीय साहाय्य, ज्यात पैसा सरळ सरकारच्या तिजोरीत पडतो आणि सरकारी खर्चात मिसळून जातो.

वर चढावं तसा मेळ चांगला बसतो आणि पडायची भीतीही वाढते. मलावीत २०१३ साली उघड झालेलं 'कॅशगेट' लेखा विभागातल्या प्रत्येकाने वाचावं. सरकारी देयकांच्या संगणक प्रणालीतून पैसे काढायचे आणि नंतर त्या व्यवहाराची नोंदच पुसून टाकायची, असा प्रकार होता. कर्मचाऱ्यांच्या गाड्यांच्या डिकीत रोकड सापडली. देणगीदारांनी अर्थसंकल्पीय साहाय्य थांबवलं. मोझांबिकमध्ये सरकारी हमीची सुमारे २ अब्ज डॉलरची कर्जं संसदेपासून लपवली होती, ती २०१६ मध्ये बाहेर आली आणि तिथेही १४ देणगीदारांनी हात आखडता घेतला. चूक मूठभरांची होती. पैसा थांबला तो शिक्षकांच्या पगाराचा आणि औषधांचा.

म्हणून शिडीवरून खाली उतरावं का? माझ्या मते नाही. वेगळ्या खात्यात पैसा ठेवला म्हणून चोरी थांबते असा अनुभव नाही, ती फक्त महालेखापालांच्या नजरेआड होते.

चोरी कमी झाल्याचं एखादं उदाहरण?

युगांडा. तिथल्या प्राथमिक शाळांना सरकार विद्यार्थीसंख्येवर अनुदान देत असे. १९९१ ते १९९५ या काळाची शाळाशाळांत जाऊन पडताळणी केली, तेव्हा सरासरी फक्त १३ टक्के रक्कम शाळेपर्यंत पोचल्याचं निघालं. बाकीची जिल्हा पातळीवरच जिरली होती. सरकारने मग कुठल्या जिल्ह्याला किती पाठवले ते वर्तमानपत्रांत छापायला सुरुवात केली आणि शाळांना मिळालेली रक्कम फलकावर लावायला सांगितली. काही वर्षांत हे प्रमाण ८० टक्क्यांच्या वर गेलं. सगळं श्रेय वर्तमानपत्राला द्यायचं का यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, कारण त्याच काळात इतरही सुधारणा झाल्या.

त्याच देशाने १९९८ पासून कर्जमाफीतून वाचलेला पैसा आणि देणगीदारांचा पैसा एका राखीव निधीत घालून अर्थसंकल्पातच दाखवायला सुरुवात केली. वेगळं खातं उघडायची गरज पडली नाही, लेखाशीर्षावर, म्हणजे अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या मथळ्यावर, खूण केली की झालं. अशी साधी युक्ती सुचायला हिशेबाचा माणूसच लागतो, असं आपलं मला वाटतं.

घेणाऱ्या देशाने 'नको' म्हटल्याचं ऐकिवात आहे का?

बोट्स्वानाने सुरुवातीपासून म्हटलं. तिथे नियोजन आणि अर्थ ही खाती बराच काळ एकाच मंत्रालयात होती. राष्ट्रीय योजनेत नसलेला प्रकल्प कितीही गोड असला तरी घ्यायचा नाही, आणि घ्यायचा तर पुढच्या देखभालीचा खर्च आधी मांडायचा. टांझानियाचं नव्वदच्या दशकात देणगीदारांशी इतकं बिनसलं की प्राध्यापक हेलेनर यांच्या अध्यक्षतेखाली तटस्थ अभ्यासगट नेमावा लागला. १९९५ च्या त्याच्या अहवालाने दोन्ही बाजूंचे कान उपटले. पुढे टांझानियाने वर्षातले काही महिने 'शांततेचा काळ' म्हणून जाहीर केले: अर्थसंकल्प तयार होत असताना परदेशी शिष्टमंडळांनी भेटीला येऊ नये. आपल्याकडे मार्च एंडला कुणी पाहणी दौरा काढला की लेखा विभागाचं काय होतं हे ज्याने पाहिलंय, त्याला ही मागणी लगेच पटेल. रवांडाने तर प्रत्येक देणगीदाराला साधारण तीन क्षेत्रांपुरतं मर्यादित केलं.

बांगलादेशाची गोष्ट वेगळी. पद्मा नदीवरच्या पुलासाठीचं १.२ अब्ज डॉलरचं कर्ज जागतिक बँकेने २०१२ मध्ये भ्रष्टाचाराच्या आरोपांवरून रद्द केलं. बांगलादेशाने स्वतःच्या पैशाने पूल बांधून २०२२ च्या जूनमध्ये खुला केला. भारतानेही २००३ मध्ये बऱ्याच छोट्या देणगीदार देशांची द्विपक्षीय मदत थांबवली, आणि २०१८ च्या केरळच्या पुरात परदेशी सरकारांची मदत स्वीकारली नाही. त्या शेवटच्या निर्णयावर केरळात बरीच नाराजी होती.

भारतात जागतिक बँकेचा पैसा राज्याच्या खात्यात कसा येतो?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि सगळ्यांत जास्त गैरसमजही इथेच आहेत, म्हणून सविस्तर.

पहिली गोष्ट: राज्य सरकारला परदेशातून थेट कर्ज काढता येत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २९३ प्रमाणे राज्याने भारताच्या हद्दीतच कर्ज उभारायचं. त्यामुळे करार होतो तो भारत सरकारशी, केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या आर्थिक व्यवहार विभागामार्फत. राज्य वेगळ्या करारावर अंमलबजावणी करणारा म्हणून सही करतं.

दुसरी गोष्ट: पैशाची पेटी आधी येत नाही. राज्याने अगोदर स्वतःच्या अर्थसंकल्पात 'बाह्यसहाय्यित प्रकल्प' म्हणून तरतूद करायची, निधी वितरित करून घ्यायचा आणि खर्च करायचा. मग खर्चाचे अहवाल जोडून दिल्लीला, मदतीचे लेखे सांभाळणाऱ्या विभागाकडे मागणी जाते. तो विभाग ती बँकेकडे पाठवतो. डॉलर रिझर्व्ह बँकेत भारत सरकारच्या खात्यात जमा होतात आणि राज्याला रुपये मिळतात. काही प्रकल्पांत सुरुवातीला थोडी उचल देतात, पण तीही खर्चाचा हिशेब दिल्याशिवाय पुन्हा भरली जात नाही. थोडक्यात, विधानसभेने तरतूद मंजूर केली नाही तर वॉशिंग्टनला पडून असलेला पैसा तिथेच पडून राहतो. 'बँकेचा पैसा आहे, अर्थसंकल्पाचा काय संबंध' असं भाषणात म्हणणाऱ्याने ही वाट एकदा पायी चालून पाहावी.

तिसरी गोष्ट: परतफेड कोण करतं? पूर्वी केंद्र अशा पैशाचा ७० टक्के भाग कर्ज आणि ३० टक्के अनुदान म्हणून राज्यांना देत असे. बाराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनंतर, २००५ पासून, ज्या अटींवर केंद्राला कर्ज मिळालं त्याच अटींवर ते राज्याकडे जातं. व्याजदर कमी, मुदत लांब, पण विनिमय दराची जोखीमही राज्याचीच. डॉलर ७० रुपये असताना उचललेलं कर्ज डॉलर ८५ रुपये असताना फेडायचं, तर स्वस्त व्याजातली बरीच मजा निघून जाते. ईशान्येकडच्या आणि हिमालयातल्या राज्यांना मात्र ९० टक्के अनुदान आणि १० टक्के कर्ज अशी सवलत आहे.

आणि एक किरकोळ डोकेदुखी: आपलं वर्ष एप्रिल ते मार्च, जागतिक बँकेचं जुलै ते जून. एकाच खर्चाचे दोन वर्षांत दोन तक्ते.

ही तर परदेशी पैशाची गोष्ट झाली. आपल्याच योजनांत असा घोळ नाही का?

आहे की. केंद्र पुरस्कृत योजनांचा पैसा वर्षानुवर्षं वेगवेगळ्या सोसायट्या आणि बँक खात्यांत पडून असे. दिल्लीच्या वहीत तो 'खर्च' झालेला आणि गावात 'अखर्चित'. २०२१ पासून केंद्राने राज्यात प्रत्येक योजनेला एकच नोडल खातं सक्तीचं केलं, खालच्या खात्यांत शिल्लक न ठेवता गरजेप्रमाणे त्यातूनच पैसे काढायचे. देणगीदार आणि सरकार यांच्यात जो मेळ घालायला जग पॅरिसला गेलं, तोच इथे केंद्र आणि राज्य यांच्यात घालायचा होता.

सोलापूर जिल्ह्यात अशा पैशाचं काय आहे?

शेतकरी उत्पादक कंपन्यांशी संबंध असेल तर 'स्मार्ट' हे नाव ऐकलं असेलच, म्हणजे बाळासाहेब ठाकरे कृषी व्यवसाय व ग्रामीण परिवर्तन प्रकल्प. साधारण २,१०० कोटींचा, त्यातला ७० टक्के भाग जागतिक बँकेच्या कर्जाचा आणि उरलेल्यातला बहुतेक राज्याचा. कंपनीच्या उपप्रकल्पाला ६० टक्क्यांपर्यंत अनुदान, बाकीचा वाटा कंपनीने स्वतः किंवा बँकेच्या कर्जातून उभा करायचा. आशियाई विकास बँकेच्या १० कोटी डॉलर कर्जावरचा 'मॅग्नेट' फळं, भाज्या आणि फुलांसाठी आहे. त्यात डाळिंब आहे, म्हणून सांगोला आणि मंगळवेढ्याच्या बाजूला त्याची चर्चा असते.

इथे एक जागा नीट बघण्यासारखी आहे. समजा एका कंपनीने प्रतवारी केंद्र आणि शीतगृह उभारलं. यंत्राला अनुदान आहे, शेडला आहे. विजेच्या बिलाला, ऑपरेटरच्या पगाराला, तीन वर्षांनी बदलाव्या लागणाऱ्या कॉम्प्रेसरला नाही. प्रस्तावातल्या नफ्याच्या तक्त्यात शीतगृह वर्षभर भरलेलं दाखवलेलं असतं. डाळिंबावर तेल्या रोग आला त्या वर्षी ते किती भरेल याचा रकाना नसतो. मी असे प्रस्ताव वाचायला मागून घेतो तेव्हा सरळ शेवटच्या पानावर जातो. चौथ्या वर्षाचा रोख प्रवाह पटला तरच पहिलं पान वाचतो.

किल्लारीच्या भूकंपानंतर इतक्या संस्था आल्या होत्या. तेव्हा समन्वय जमला का?

बराचसा जमला, आणि जिथे जमला नाही ते आजही डोळ्यांना दिसतं.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसं गेली. हादरे सोलापूरलाही बसले, आपल्या जिल्ह्यातही घरांना तडे गेले. मदतीचा ओघ प्रचंड होता: जागतिक बँकेचं कर्ज, परदेशी सरकारं, इतर राज्यं, कंपन्या, धार्मिक संस्था, वर्तमानपत्रांचे निधी. राज्य सरकारने दोन वाटा केल्या. सर्वाधिक उद्ध्वस्त झालेली ५२ गावं नव्या जागी पूर्ण वसवायची. त्यांतली बरीच देणगीदार संस्थांना दत्तक दिली. बाकी शेकडो गावांत लोकांनी स्वतःच घर दुरुस्त किंवा मजबूत करायचं, सरकारने हप्त्याहप्त्याने अनुदान आणि अभियंता द्यायचा.

समन्वयाचा सगळ्यांत शहाणा निर्णय घराच्या मापाचा होता. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४००, त्यावरच्यांना ७५०. दाता कुणीही असो, माप सरकारचं. नाहीतर श्रीमंत संस्थेने दत्तक घेतलेल्या गावात बंगले आणि शेजारच्या गावात खोल्या असा प्रकार झाला असता. जमिनीनुसार घर देणं न्याय्य होतं का, हा प्रश्न उरतोच. भूमिहीनाचं कुटुंब लहान असतं असं थोडंच आहे.

फसलं ते नकाशात. दात्यांना आणि अभियंत्यांना सरळ रेषेतले रुंद रस्ते हवे होते. त्यामुळे गावठाण कित्येक पटींनी पसरलं. जुन्या गावात हाकेवर असलेली भावकी पांगली, गोठ्याला जागा राहिली नाही, पाण्याची लाइन आणि रस्ते एवढ्या लांबीचे झाले की ग्रामपंचायतीला देखभाल झेपेना. उमरग्याच्या बाजूने त्या भागात गेलात तर काँक्रीटच्या घराला चिकटून लोकांनी बांधलेलं पत्र्याचं शेड दिसेल. चूल तिकडे, जनावर तिकडे. दुरुस्तीच्या वाटेवरच्या गावांत हे कमी दिसतं, कारण तिथे घराचा मालकच मुकादम होता. गावोगावच्या बायकांना 'संवाद सहायक' नेमून अनुदानाची माहिती घराघरात पोचवली, ही त्या कार्यक्रमातली माझ्या मते सगळ्यांत स्वस्त आणि उपयोगी गोष्ट.

तुलनेसाठी: २००४ च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियाने आचे प्रांतासाठी थेट अध्यक्षांच्या अखत्यारीत पुनर्वसन यंत्रणा नेमली, प्रत्येक दात्याचा प्रकल्प तिच्याकडे नोंदवायला लावला आणि २००९ मध्ये ठरल्याप्रमाणे ती बंदही केली. मला ते बंद करणं जास्त कौतुकाचं वाटतं.

अमेरिकन गहू आणि 'पीएल ४८०' यांचा या विषयाशी काय संबंध?

'पीएल ४८०' हा अमेरिकेचा अन्नमदतीचा कायदा. त्याखालच्या १९५६ च्या करारानंतर अमेरिकेने भारताला धान्य दिलं आणि किंमत रुपयांत घेतली. ते रुपये भारतातच अमेरिकेच्या नावावर साठत गेले. ऐकायला फुकट वाटतं. पण त्या रुपयांचा ढीग एवढा झाला की परक्या सरकारच्या हातात आपल्या चलनाचा एवढा साठा असावा का, आणि तो खर्च झाला तर महागाईचं काय, हा राजकीय प्रश्न बनला. १९७४ मध्ये अमेरिकेने त्यातले १,६६४ कोटी रुपये सोडून दिले. राजदूत मॉयनिहान यांनी दिलेला तो धनादेश तेव्हा विक्रमी ठरला होता.

सोलापूरच्या जुन्या माणसांना मात्र करार आठवत नाही, बाहत्तरच्या दुष्काळातली मिलो, म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी, आणि सुकडी आठवते. त्याच दुष्काळात महाराष्ट्राने रोजगार हमी मोठ्या प्रमाणावर सुरू केली. वि. स. पागे यांची कल्पना, १९७७ चा कायदा, आणि मुख्य म्हणजे स्वतःचा पैसा: १९७५ पासून पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर आणि राज्याची तेवढीच भर. कुणी दाता निघून गेला म्हणून ती बंद पडायचा प्रश्नच नव्हता. २००५ चा केंद्राचा कायदा तिच्याच पायावर उभा राहिला.

मदत अचानक थांबली तर?

२०२५ मध्ये जगाने पाहिलं. २० जानेवारीला अमेरिकेने परदेशी मदत ९० दिवसांसाठी गोठवली आणि १ जुलैपासून ही मदत वाटणारी 'यूएसएड' ही सरकारी संस्थाच परराष्ट्र खात्यात विलीन झाली. आफ्रिकेतल्या ज्या देशांत एचआयव्हीच्या दवाखान्यातले समुपदेशक आणि डेटा ऑपरेटर देणगीदाराच्या पगारावर होते, तिथे ते रातोरात घरी गेले. सरकारच्या आस्थापना सूचीत त्यांची पदंच नव्हती, तर सामावून कुणाला घेणार?

'गावी'ची पद्धत त्या मानाने बरी. २००० साली स्थापन झालेल्या या संस्थेत लस घेणाऱ्या देशाला काही वाटा स्वतः उचलावा लागतो, आणि देशाचं उत्पन्न वाढेल तसा तो वाटा वाढत जातो. शेवटी सगळा खर्च देशाचा. तारीख आधीपासून माहीत असते.

आमची छोटी संस्था आहे. परदेशी देणगी घ्यायची तर सरकारी कामाशी मेळ कसा घालू?

कायद्याची बाजू आधी. परदेशी अभिदाय विनियमन कायद्याखाली नोंदणी हवी. २०२० च्या दुरुस्तीनंतर पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच येतो, प्रशासकीय खर्च २० टक्क्यांपर्यंतच करता येतो, आणि आलेली देणगी दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. या शेवटच्या अटीने पुण्या-मुंबईच्या मोठ्या संस्थांमार्फत पैसा मिळणाऱ्या आपल्याकडच्या लहान संस्था सगळ्यांत जास्त अडचणीत आल्या. कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी हा पर्याय आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना नफ्याच्या २ टक्के रक्कम खर्चावी लागते, पण तो निधी कारखान्याच्या कुंपणाजवळच जास्त फिरतो.

मेळाची बाजू सोपी आहे आणि कंटाळवाणी आहे. काम सुरू करण्याआधी जिल्हा परिषदेच्या संबंधित विभागात जाऊन त्या गावासाठी चालू वर्षात काय मंजूर आहे ते विचारा. अंगणवाडीला तुम्ही पाण्याची टाकी देणार आणि तीच जल जीवन मिशनच्या अंदाजपत्रकातही असेल तर दोघांचे पैसे वाया. आणि वस्तू दिली तर ती साठा नोंदवहीत चढवून घ्या, पावतीवर शिक्का घ्या. साठ्यात नाव नसलेलं यंत्र दुरुस्त करायला कुठलाच अधिकारी सही करत नाही. एका आरोग्य केंद्रात देणगीतून आलेलं यंत्र केवळ या कारणाने कापडाखाली झाकून ठेवलेलं मी पाहिलं आहे, आणि बिघाड म्हणाल तर फक्त फ्यूजचा होता.

भारत स्वतः मदत देतो का?

देतो. भूतानला सर्वाधिक, शिवाय नेपाळ, मालदीव, आफ्रिकी देश. तांत्रिक प्रशिक्षणाचा 'आयटेक' कार्यक्रम १९६४ पासून चालू आहे. २०२२ च्या संकटात श्रीलंकेला सुमारे ४ अब्ज डॉलरचा आधार दिला. भैय्या चौकातलं डॉ. कोटणीस स्मारक रोज बघणाऱ्या सोलापूरकरांना हे नवं वाटू नये: १९३८ मध्ये चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातले द्वारकानाथ कोटणीस इथलेच. देणारा भारत असला तरी घेणाऱ्या देशाचे प्रश्न तेच राहतात. आपण कर्जावर बांधून दिलेल्या पुलाची देखभाल त्यांच्या अर्थसंकल्पात बसते का, हे आपणही विचारायला हवं.

आमच्या गावात जागतिक बँकेच्या पैशाचं काम झालंय. हिशेब कुणाकडे मागू?

बँकेकडे नाही, आधी आपल्याकडेच. काम राज्याच्या अर्थसंकल्पातून गेलेलं असतं, म्हणून माहितीचा अधिकार पूर्ण लागू होतो. तालुका किंवा जिल्हा पातळीवरच्या अंमलबजावणी कक्षाच्या जन माहिती अधिकाऱ्याला अर्ज करा. 'सर्व माहिती द्यावी' असं मोघम लिहू नका. प्रशासकीय मान्यतेचा आदेश, मोजमाप पुस्तिकेची प्रत, देयकाची प्रत, उपयोगिता प्रमाणपत्र आणि हस्तांतरणाचा कागद, एवढं नाव घेऊन मागा. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला फी नाही. प्रकल्पाचा करार आणि प्रगतीचे अहवाल बँक स्वतः तिच्या संकेतस्थळावर ठेवते, पण त्यात तुमच्या गावाचं नाव क्वचितच सापडेल.

हस्तांतरणाचा कागद मिळाला नाही, तर ती मालमत्ता अजून कुणाच्याच नावावर नाही असं समजा आणि पुढच्या ग्रामसभेत विषय घ्या. मोटार जळायच्या आधी.